इंजिनकाम झाले, पण गाडी सुरू होत नाही

वाचकाचे पत्र: वडिलांनी 1986 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी (पेट्रोल) आमच्या गडहिंग्लजच्या घरी आहे. निळा धूर आणि मोबिल (इंजिन ऑइल) खाण्याची तक्रार वाढल्यामुळे गेल्या वर्षी पूर्ण इंजिन उतरवले. सिलिंडरचे बोअरिंग, नवे पिस्टन व रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगा, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह आणि हेडचे प्लेनिंग ही सगळी कामे झाली. मशीनिंग कोल्हापुरात करून घेतले, जुळणी गावातल्या मेस्त्रींनी केली. आठ महिन्यांनी इंजिन गाडीत बसले, पण तीन आठवडे झाले तरी ते सुरू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, मधूनच कार्ब्युरेटरमधून फट्ट असा आवाज येतो आणि एकदा तर ज्वाळ बाहेर येऊन मेस्त्रींच्या हातावरचे केस जळाले. प्लग काढून ब्लॉकला टेकवला की निळी ठिणगी दिसते आणि प्लग पेट्रोलने ओले असतात. आतापर्यंत बॅटरी, कॉइल, कंडेन्सर आणि प्लग नवे घातले, कार्ब्युरेटर दोनदा खोलला. आता मेस्त्री म्हणतात की इंजिन टाइट आहे, जीपला बांधून ओढली की सुरू होईल. गाडी ओढावी का? मेस्त्री बदलावेत का? आणि पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यास फायदा होईल का?

स. न. वि. वि.

आपले पत्र वाचून पहिली विनंती अशी की हे उत्तर वाचून होईपर्यंत सेल्फ मारणे थांबवावे आणि गाडी ओढण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. तीन आठवडे इंजिन फिरते आहे आणि पेटत नाही, याचा अर्थ कार्ब्युरेटरने दिलेले पेट्रोल जळल्याविना सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरते आहे. नव्या बोअरवर जुळणीच्या वेळी लावलेला तेलाचा थर त्यामुळे धुऊन निघतो, रिंगा कोरड्या घासतात आणि तेच पेट्रोल संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या, मोबिलमध्ये मिसळून ते पातळ करते. डिपस्टिक काढून तिचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा मोबिलची पातळी भरली होती त्यापेक्षा वर चढलेली दिसत असेल, तर इंजिन सुरू होण्याआधीच मोबिल आणि फिल्टर बदलावे लागेल. हजारो रुपयांच्या क्रँक ग्राइंडिंगनंतर पातळ मोबिलवर पहिला फेरा देणे म्हणजे नव्या बेअरिंगा पहिल्याच दिवशी खराब करणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपली गाडी इंजिनकामाला जाण्यापूर्वी धूर ओकत का होईना, पण चालत होती. तिची कॉइल, तिचा कंडेन्सर, तिचे पॉइंट तेव्हा काम करत होते. मधल्या काळात जे बदलले ते या सुट्या भागांत नसून, कोणता भाग कुठे आणि कोणत्या कोनात बसला यात बदलले आहे. म्हणून इंजिनकामानंतर न पेटणाऱ्या गाडीत नवे भाग घालत जाणे हा सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. जिथे जिथे हात लागला, तिथे तिथे क्रमाने परत जाऊन पाहणे हाच खरा मार्ग. सुदैवाने आपण पत्रात इतके तपशील दिले आहेत की त्यातली बरीच ठिकाणे मी येथे बसूनच वगळू शकतो.

पेट्रोल इंजिन पेटायला कोंडलेले मिश्रण, पुरेसे पेट्रोल आणि ठिणगी लागते, आणि ही ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. प्लग ओले आहेत, म्हणजे पेट्रोल पोहोचते आहे. टाकी, एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) आणि कार्ब्युरेटरचे जेट यांच्यावरचा संशय तूर्त मागे ठेवता येईल. ठिणगी निळी आहे, म्हणजे कॉइल आणि पॉइंट यांनी आपले काम केले आहे. कार्ब्युरेटरमधून फट्ट आवाज आणि ज्वाळ येते, म्हणजे मिश्रण कुठेतरी पेटतेही आहे. राहिला तो क्षण. ठिणगी पडते आहे, पण चुकीच्या वेळी पडते आहे, असे आपले इंजिन स्वतःच सांगते आहे, आणि माझा पहिला संशय असा की डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणारा डिस्ट्रिब्युटर, अर्धा फेरा उलटा बसला आहे.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले तर मेस्त्रींशी बोलणेही सोपे जाईल. पद्मिनीचे 1089 सीसीचे इंजिन चार सिलिंडरचे आणि चार टप्प्यांचे आहे. एका सिलिंडरचे काम पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्यात कॅमशाफ्टचा आणि डेल्कोच्या आत फिरणाऱ्या रोटरचा एकच फेरा होतो. त्यामुळे एक नंबरचा पिस्टन या दोन फेऱ्यांत दोनदा टॉपला, म्हणजे सर्वांत वर, येतो. एकदा तो मिश्रण दाबून वर येतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ठिणगी पडायची ती याच वेळी. दुसऱ्यांदा तो जळालेला वायू बाहेर ढकलून वर येतो, तेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनलेटचा उघडू लागलेला असतो. क्रँक पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळेस टायमिंग कव्हरवरच्या खुणेशी सारखीच जुळते. पुली पाहून या दोन टॉपमधला फरक कोणालाही सांगता येणार नाही, मेस्त्री कितीही जुना असो.

त्यात आणखी एक फसगत आहे. अनेक इंजिनांत टायमिंग चेन चढवताना दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या की एक नंबरचा सिलिंडर दाबाच्या टॉपला नसून उलट्या (जळालेला वायू ढकलण्याच्या) टॉपला असतो आणि पेटायची पाळी चार नंबरची असते. चेन अगदी काटेकोर बसवणारा माणूस त्याच स्थितीत इंजिन न फिरवता डेल्को खाली सोडतो, रोटर एक नंबरच्या वायरीकडे करतो आणि काम संपले असे समजतो. चेन बरोबर, डेल्को उलटा. आपल्याकडे असेच घडले आहे अशी खात्री मी येथून देऊ शकत नाही, पण पत्रातली प्रत्येक खूण याच दिशेला बोट दाखवते. ठिणगी उलट्या टॉपला पडली की त्या वेळी उघडू लागलेल्या इनलेट व्हॉल्व्हमधून आत येणारे ताजे मिश्रण पेट घेते आणि ज्वाळेला जायला मॅनिफोल्ड व कार्ब्युरेटर हाच मोकळा रस्ता असतो. मेस्त्रींच्या हातावरचे केस जळाले ते याच रस्त्याने.

ही तपासणी करायला कोणतेही महाग यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करून प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर सिलिंडरचे आकडे लिहा. एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा. मग इग्निशन बंद ठेवून चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलके फिरेल. टॅपेट कव्हर (हेडवरचे झाकण) उघडा. आता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून एका माणसाला ती मागून हळूहळू पुढे ढकलायला सांगा, किंवा पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा, आणि आपली नजर चार नंबरच्या दोन रॉकरांवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) ठेवा. एक क्षण असा येईल की चार नंबरचा एक रॉकर वर येत असेल आणि त्याच वेळी दुसरा खाली दबू लागेल. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ती हालचाल असते आणि एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही. त्या क्षणी थांबा. चार नंबर उलट्या टॉपला आहे, म्हणजेच एक नंबर दाबाच्या टॉपला आहे. एक नंबरचे दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा, त्यांच्यात थोडी थोडी मोकळीक जाणवली पाहिजे. पुलीची खूणही आता कव्हरवरच्या खुणेच्या अगदी जवळ असायला हवी.

आता डेल्कोची कॅप काढा आणि रोटरचे टोक कुठे पाहते आहे ते बघा. कॅप परत बसवल्यावर त्या टोकासमोर जो खांब येतो, त्या खांबातून निघालेल्या वायरीवर आपण एकचा आकडा लिहिलेला असायला हवा. तेथे चार लिहिलेले असेल तर तीन आठवड्यांचे कोडे तिथल्या तिथे सुटले. रोटर दोन खांबांच्या मध्ये पाहत असेल, तर डेल्को अर्ध्या फेऱ्याने नव्हे, पण काही दातांनी चुकलेला आहे आणि तोही काढून पुन्हा बसवावा लागेल.

अर्ध्या फेऱ्याची चूक सापडली तर डेल्को न उपसताही खात्री करून घेण्याची एक सोपी युक्ती आहे. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. या क्रमात एकच्या बरोबर समोर चार येतो आणि तीनच्या समोर दोन. म्हणून कॅपवर एक आणि चारच्या वायरींची अदलाबदल करा, तशीच तीन आणि दोनच्या वायरींचीही करा. प्लग सुकवून बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवा, एअर क्लीनर जागेवर बसवा, आगीचे नळकांडे हाताशी असू द्या आणि सेल्फ मारा. मोबिल आधी बदललेले असावे, हे पुन्हा सांगतो, कारण या घटकेला घाई करण्याचा मोह फार होतो. इंजिन पेटले तर निदान पक्के झाले. वायरी तशाच अदलाबदल केलेल्या ठेवूनही गाडी वर्षानुवर्षे चालेल, त्यात यांत्रिक धोका काही नाही. तरीही सवड मिळेल तेव्हा डेल्को काढून योग्य बाजूने बसवून घ्यावा, असे माझे मत आहे, कारण पाच वर्षांनी दुसरा कोणी मेस्त्री पुस्तकाप्रमाणे वायरी लावेल आणि हेच पत्र मला पुन्हा येईल.

वायरींचा क्रम तपासताना रोटर कोणत्या बाजूने फिरतो हे गृहीत धरू नका. कॅप काढून, इंजिन थोडे फिरवून, डोळ्यांनी पाहा आणि मग त्या दिशेने एक, तीन, चार, दोन असे मोजा. दिशा उलटी धरली तर एक आणि चार बरोबर लागतात, तीन आणि दोन मात्र चुकतात; मग इंजिन दोन सिलिंडरांवर अडखळत पेटते, हिसके देते आणि विझते, आणि मग सगळे कार्ब्युरेटरच्या मागे लागतात.

समजा डेल्को बरोबर निघाला. मग नजर चेनकडे वळवावी लागेल, पण टायमिंग कव्हर उघडण्यापूर्वी एक निरीक्षण पुन्हा करा. चार नंबरचे रॉकर ज्या क्षणी तराजूसारखे समतोल झाले, तेव्हा पुलीची खूण कव्हरवरच्या खुणेपासून किती लांब होती? अगदी थोडा फरक चालतो. पण चेन एका दाताने चुकली तर क्रँकच्या हिशेबात तो फरक पंधरा ते वीस अंशांचा होतो आणि तो नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसतो. एका दाताच्या चुकीने इंजिन बहुधा रडत का होईना सुरू होते. दोन-तीन दात चुकले तर मात्र दाबच तयार होत नाही.

दाबाचा विषय निघालाच आहे तर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचे आकडे घ्यावेत, असे मी सुचवेन. चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली असताना प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब मिळेपर्यंत सेल्फ मारायचा. त्या वेळी कॉइलची मधली वायर काढून अर्थ केलेली असावी, म्हणजे प्लगच्या भोकांतून उडणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्याजवळ ठिणगी पडणार नाही. नव्या रिंगा अजून बोअरवर बसलेल्या नसल्याने आकडे थोडे कमी येणे स्वाभाविक आहे आणि आपल्या इंजिनात तर भिंती पेट्रोलने धुतल्या गेल्या आहेत. म्हणून आकडे कमी आले तर प्रत्येक भोकातून चमचाभर मोबिल आत सोडा आणि पुन्हा मोजा. दाब झपाट्याने वाढला तर रिंगा कोरड्या आहेत एवढेच सिद्ध होते, घाबरण्याचे कारण नाही. मोबिल घालूनही दाब वाढला नाही तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटमध्ये आहे.

येथे टॅपेटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या इंजिनाचे हेड प्लेन झाले आहे आणि व्हॉल्व्ह लॅप झाले (सीटवर घासून बसवले) आहेत. हेडमधून जेवढी धातू निघते तेवढे हेड कॅमशाफ्टच्या जवळ येते. पुशरॉड (कॅमशाफ्टकडून रॉकरला ढकलणारे दांडे) मात्र जुन्याच लांबीचे राहतात. व्हॉल्व्ह लॅप केल्यावर तो सीटमध्ये किंचित खोल बसतो आणि त्याचे देठ वर येते. या दोन्हींचा परिणाम एकच, टॅपेटची मोकळीक, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, कमी होते. जुळणीच्या वेळी टॅपेट जुन्याच ठिकाणी ठेवले असतील, किंवा हेडचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळण्यापूर्वी सेट केले असतील, तर काही व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाहीत आणि त्या सिलिंडरमध्ये दाब बनत नाही. इंजिन थंड असताना, प्रत्येक सिलिंडर त्याच्या दाबाच्या टॉपला आणून, पुस्तिकेत दिलेल्या मापाची फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलक्या ओढीने सरकते का ते पाहावे. आठ व्हॉल्व्हांचे हे काम तासाभराचे आहे आणि ते न करता हेड पुन्हा उतरवायला कोणी निघाले तर त्यांना थांबवा.

ठिणगीला मी वर पूर्ण गुण दिले, तरी एक गोष्ट लक्षात ठेवा की मोकळ्या हवेत ब्लॉकला टेकवलेल्या प्लगवर दिसणारी ठिणगी ही सोपी परीक्षा आहे. सिलिंडरमध्ये दाबाखाली ती पडायला अधिक व्होल्टेज लागते. पॉइंटची फट 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान आहे ना, हे फिलर गेजने पाहून घ्या. पुढची तपासणी टेस्ट लॅम्पची. लॅम्पचे एक टोक कॉइलच्या डेल्कोकडच्या स्क्रूला आणि दुसरे अर्थला लावून इग्निशन चालू करा आणि इंजिन सेल्फवर फिरवा. पॉइंट उघडले की दिवा लागतो, मिटले की विझतो, म्हणजे दिवा लुकलुकला पाहिजे. सतत लागलेला दिवा म्हणजे पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांच्यावर मेण-ग्रीसचा थर आहे. कधीच न लागणारा दिवा म्हणजे कॉइलला करंटच येत नाही किंवा डेल्कोच्या आत वायर कायम अर्थ होते आहे.

या शेवटच्या दोषाने मला स्वतःला उमेदवारीच्या काळात दीड दिवस घाम फोडला होता. पॉइंटची वायर ज्या लहान स्क्रूला जोडतात, तेथे फायबरचे इवलेसे वॉशर असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. मी पॉइंट बदलताना त्यातले एक वॉशर चुकीच्या बाजूला घातले होते. करंट पॉइंटमधून न जाता सरळ बॉडीत उतरत होता आणि मी मात्र एकामागून एक कॉइल लावून पाहत होतो. आपल्या गाडीत ठिणगी दिसते आहे, म्हणून हा दोष आज नाही. पण टायमिंगच्या गडबडीत डेल्को पुन्हा उघडला जाईल, तेव्हा ही वॉशर सांभाळावीत एवढ्यासाठी लिहिले.

बाकीच्या शंका थोडक्यात. सेल्फ जोरात फिरतो असे आपण लिहिता, त्यामुळे इंजिन टाइट असल्याचा निष्कर्ष मला पटत नाही. टाइट इंजिन सेल्फला कण्हायला लावते, बॅटरीचे व्होल्टेज 9 च्या खाली पाडते आणि बॅटरीच्या तारा गरम करते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी परत लावली आहे का, एवढे तेवढे पाहा. ती विसरली असेल तर सेल्फचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला चटका देते. प्लग ओलेच राहत असतील तर चोक आत ढकलून आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारावा, म्हणजे जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. प्लगवर पेट्रोलऐवजी पाण्याचे थेंब दिसले तर मात्र सेल्फला हात लावू नका आणि हेड गॅसकेट तपासा.

पेट्रोलविषयी एक गोष्ट. आठ महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा लवकर पेटणारा भाग उडून गेलेला असतो आणि सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे हवेतला ओलावा ओढून घेते. जुने पेट्रोल काढून टाका, टाकीचा तळ आणि मागून पुढे येणारी लांब नळी साफ करा आणि एसी पंपाचा डायफ्राम व रबरी नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला. आपली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हे इंधन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. एसी पंप बसवताना त्याच्या आणि ब्लॉकच्या मधले पॅकिंग जुन्याच जाडीचे आहे ना, हेही पाहावे. जाड पॅकिंग घातले तर पंपाचा दांडा अपुरा हलतो आणि चढावर गाडी पेट्रोलला तडफडते.

आता आपले तीन प्रश्न. गाडी ओढू नका. ठिणगी चुकीच्या वेळी पडत असेल तर ओढून ती वेळेवर पडणार नाही. उलट न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठेल आणि एखाद्या उशिराच्या ठिणगीने तो सायलेन्सर फुटेल. शिवाय नव्या रिंगा कोरड्या बोअरवर रस्ताभर घासतील. इलेक्ट्रॉनिक इग्निशन ही चांगली वस्तू आहे, पॉइंट घासण्याची कटकट ती मिटवते, पण ती उलट्या डेल्कोवर बसवली तर ठिणगी अधिक जोमाने चुकीच्या वेळी पडेल. इंजिन जुन्या पॉइंटवर नीट पेटून हजारभर किलोमीटर चालले की मग तिचा विचार करा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणत्या बदलाने काय झाले, ते नंतर कळत नाही.

मेस्त्री बदलण्याविषयी माझे मत आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. मी बदलणार नाही. ज्याने इंजिन जुळवले त्याला कोणता बोल्ट कुठे आहे, कोणते शिम कुठे घातले, कोणत्या बेअरिंगला किती फट ठेवली, हे ठाऊक असते, आणि ही माहिती दुसऱ्या मेस्त्रीला इंजिन पुन्हा उघडल्याशिवाय मिळत नाही. हे चार ओळींचे टायमिंगचे तर्कशास्त्र त्यांच्यासमोर मांडताना "तुम्ही चुकलात" असे म्हणू नका. "मामा, टॅपेट कव्हर एकदा उघडूया, चार नंबरचे रॉकर बघूया" असे म्हणा आणि पुलीचा पाना त्यांच्या हातात द्या. रॉकर तराजू झाल्यावर रोटर कुठे पाहतो हे ते स्वतःच बघतील. अनुभवी माणसाला तेवढे पुरते. जर त्यांनी हे पाहायलाच नकार दिला आणि हेड उतरवण्याचा हट्ट धरला, तर मात्र दुसऱ्याकडे जाण्यास हरकत नाही. जाताना बोअरचा साइज, क्रँकचा अंडरसाइज (ग्राइंडिंगने कमी झालेले माप) आणि बसवलेल्या भागांच्या पावत्या त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणि इंजिन पेटेल त्या दिवसासाठी. नवे मोबिल घातल्यावर प्लग काढूनच सेल्फ मारा, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत, मध्ये मिनिटभर विश्रांती देऊन, आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्लग बसवू नका. पेटल्यावर इंजिन अगदी मंद ठेवण्याऐवजी थोड्या वरच्या वेगावर पंधरा-वीस मिनिटे चालू द्या, म्हणजे बेअरिंगांना आणि बोअरला पुरेसे मोबिल पोहोचेल. पाण्याच्या तापमानावर नजर ठेवा. बोअर झालेले इंजिन पहिल्या तासात जुन्यापेक्षा अधिक तापते, आणि रेडिएटरमध्ये अडकलेली हवा निघून गेल्यावर पाण्याची पातळी हमखास खाली जाते, ती भरून काढावी लागते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करा, कारण बोल्ट किंचित जरी आवळले गेले तरी मोकळीक बदलते. पहिले मोबिल पाचशे किलोमीटरवर काढा आणि ते पांढऱ्या कापडातून गाळून पाहा. बारीक करडी भुकटी दिसली तर ती नव्या रिंगांची आहे, चकाकणारे कण दिसले तर गाडी तेथेच उभी करून मला कळवा.

रॉकर तराजू झाल्यावर रोटर कोणत्या आकड्याकडे पाहत होता, हेही एका ओळीत जरूर लिहून पाठवा.